हात कोणाचा, खोली कोणाची? रॉक ड्रमरची तुलना करताना या चुका टाळा

ड्रमर डेव्ह ग्रोलने वाजवलेले निर्वाना या अमेरिकन रॉक बँडचे दोन अल्बम एका बैठकीत ऐकून पाहावेत: १९९१ चा ‘नेव्हरमाइंड’ आणि १९९३ चा ‘इन युटेरो’. पहिल्यात स्नेअरचा, म्हणजे खाली तारा लावलेल्या ड्रमचा, ठोका जाड आणि घोटीव आहे. दुसऱ्यात तो उघडा, खरखरीत आहे आणि आपण ड्रमसेटपासून दहा पावलांवर उभे आहोत असे वाटायला लावतो. वादक तोच आहे आणि दोन वर्षांत त्याच्या मनगटात काही क्रांती झालेली नव्हती. पहिला अल्बम लॉस एंजेलिसमधल्या साउंड सिटी स्टुडिओत बुच विगने ध्वनिमुद्रित केला आणि अँडी वॉलेसने मिक्स केला. दुसरा मिनेसोटातल्या पॅकिडर्म स्टुडिओत स्टीव्ह अल्बिनीने केला, ज्याची ख्यातीच मुळी खोलीचा आवाज जसाच्या तसा टिपण्याबद्दल होती. तरीही ‘ग्रोलचा साउंड’ असे म्हणून दोन्ही एकाच पोत्यात भरले जातात आणि मग त्याची जॉन बॉनम किंवा फिल कॉलिन्स या ड्रमरांशी तुलना सुरू होते.

रेकॉर्डवर जे ऐकू येते त्यात हात असतो, ड्रम असतो, खोली असते, माइक आणि यंत्रे असतात. आपण मात्र सगळे एकट्या हाताच्या खात्यावर मांडून मोकळे होतो. पुढच्या बहुतेक चुका याच सवयीतून निघतात.

जिन्याखालचा बॉनम

लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमइतका या चुकीचा बळी दुसरा कोणी नसेल. १९७१ मधल्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चा अवजड, दरीतून यावा तसा ड्रम ऐकून लोक म्हणतात, ‘काय हा माणूस जोरात वाजवतो!’ जोर होताच, परंतु हे ध्वनिमुद्रण इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत झाले. ड्रमसेट जिन्याखालच्या उंच दिवाणखान्यात ठेवला होता आणि इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यावरून खाली सोडले होते. ड्रमला चिकटून एकही माइक नव्हता. त्या आवाजाला बिन्सन कंपनीच्या एको यंत्राची जोड मिळाली, आवाज चांगलाच दाबून घट्ट केला गेला आणि शेवटी टेपचा वेगही कमी केला गेला. टेप मंद झाली की लय मंद होतेच, शिवाय स्वरही खाली उतरतो, म्हणजे ड्रम होता त्याहून मोठा भासू लागतो.

हे ठाऊक नसले की नक्कल करणारा नेमके उलटे करतो. तो पायाने वाजवायच्या बेस ड्रममध्ये उशी कोंबतो, ड्रमवर ताणलेली पाने ढिली करतो आणि सर्व शक्तीनिशी पेडल हाणतो; हाती येतो तो पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा ठप्प आवाज. बॉनमचा बेस ड्रम २६ इंची होता, नेहमीच्या २२ इंची ड्रमपेक्षा बराच मोठा, आणि तो त्याची पाने बऱ्यापैकी चढी ठेवत असे, शिवाय आत फारसे काही कोंबतही नसे. ढोल उतरला की पथकातला कोणीही आधी दोऱ्या आवळतो, आवाज मोठा व्हावा म्हणून त्या सैल करत नाही. मोठ्या ड्रमला चढे पान आणि भोवती मोकळी हवा मिळाली तरच त्याचा नाद लांबवर पोचतो.

मग बॉनमचे स्वतःचे काय? ते शोधण्याची एक सोपी युक्ती आहे. त्याची एखादी निकृष्ट प्रतीची मैफलीतली टेप मिळवावी, जिच्यात ना जिना आहे, ना एको. त्यातही जे शिल्लक राहते ते त्याचे. उजव्या पायाच्या तीन-तीनच्या जलद लडी शिल्लक राहतात, ज्या १९६९ च्या पहिल्याच अल्बममध्ये त्याने एकाच पेडलवर वाजवल्या होत्या. ठोक्यांमधला किंचित झुलता झोकही राहतो आणि गिटारच्या वळणाला धरून चालणारा हातही राहतो. तुलना करायची ती या गोष्टींची.

काळाची फॅशन आणि माणसाची शैली

कॉलिन्सच्या बाबतीत गोंधळ जरा वेगळा आहे. ‘धाड’ करून उसळणारा आणि पुढच्याच क्षणी कात्रीने कापल्यासारखा थांबणारा ड्रम त्याच्या नावावर जमा आहे. तो आवाज प्रथम गाजला पीटर गॅब्रिएलच्या १९८० च्या अल्बममुळे. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत ह्यू पॅजम इंजिनिअर होता आणि वादकांना कंट्रोल रूमशी बोलता यावे म्हणून टांगलेल्या माइकमधून हा दाबलेला, फुगलेला ध्वनी जवळजवळ अपघातानेच सापडला. पुढे तो गेटने, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या यंत्राने, कापायचा, हे तंत्र ठरून गेले. १९८१ च्या ‘इन द एअर टुनाइट’मध्ये साडेतीन मिनिटे संयम बाळगून कॉलिन्स जो फिल, म्हणजे ठेक्याच्या मध्ये येणारा ठोक्यांचा छोटा तुकडा, टाकतो, त्यानंतर दशकभर असंख्य ड्रमरना तोच पेहराव चढवला गेला. त्यामुळे ऐंशीच्या दशकातले दोन ड्रमर ‘सारखे वाजवतात’ असे वाटले, तर ते बहुधा सारखे कपडे घातलेले असतात. माझ्या मते कॉलिन्सचे श्रेय हे की असा आवाज हाती आल्यावर त्याने ठोके कमी केले. प्रत्येक ठोक्याची शेपटी कापली जाणार असेल, तर दाट वाजवण्यात काही अर्थ उरत नाही.

‘रिंगो काय, कोणीही वाजवेल’

हे वाक्य ऐकले की मी स्वयंपाकघरातले चार डबे पालथे मांडतो. डबे डावीकडून उजवीकडे अर्धवर्तुळात ठेवावेत, दोन चमचे घ्यावेत आणि हात आलटून पालटून, प्रत्येक डब्यावर दोन ठोके देत, पहिल्यावरून चौथ्यावर जावे. मात्र सुरुवात डाव्या हाताने करावी. दुसऱ्या डब्यावर जातानाच डावा हात उजव्याखाली अडकू लागतो आणि एक इवलासा विलंब होतो. रिंगो स्टार मुळात डावखुरा असून उजव्या हाताच्या मांडणीच्या ड्रमसेटवर वाजवतो, आणि त्याच्या फिल्समधला तो अडखळल्यासारखा, पण कधी न पडणारा डौल बऱ्याच अंशी इथून येतो. उजव्या हाताचा ड्रमर तेच ठोके नोटेशनबरहुकूम वाजवू शकतो, परंतु तो डौल त्याला मुद्दाम घडवावा लागतो.

रिंगोच्या आवाजाबद्दलही खबरदारी घ्यावी. बीटल्सच्या उत्तरकाळातला, विशेषतः १९६९ चा मऊ, दबका टॉमचा (तारा नसलेल्या साध्या ड्रमचा) आवाज हा ड्रमवर घातलेल्या चहाच्या टॉवेलांचा परिणाम आहे. १९६६ चे ‘रेन’ तर जलद वाजवून नंतर टेप मंद केलेले आहे. म्हणजे रिंगोची बॉनमशी तुलना करताना एकीकडे टॉवेल आणि दुसरीकडे जिना आहे, हे विसरू नये.

मीटर लावून लय मोजणे

ठोके मोजून मोठेपण ठरवण्याची चूक इतकी उघड आहे की तिच्यावर शब्द खर्चू नयेत. रश या बँडचा नील पर्ट दाट वाजवत असे आणि एसी/डीसीचा फिल रड विरळ, यावरून कोण श्रेष्ठ हे ठरत नाही. मेट्रोनोमने मोजण्याची चूक मात्र जाणकारही करतात. रोलिंग स्टोन्सचे १९६९ चे ‘हॉंकी टॉंक विमेन’ सुरुवातीला ज्या लयीत आहे त्याहून शेवटी स्पष्टपणे चढलेले आहे. संगणकावर हे मोजून चार्ली वॉट्सला नापास करणारे महाभाग भेटतात. तबलजीने द्रुताकडे जाताना लय चढवली तर आपण दाद देतो. इथे मात्र यंत्राची साक्ष काढतो. हे गाणे चढत जाण्यातच त्याची मजा आहे, आणि वॉट्सला ओढून धरायचे असते तर त्याने धरले असते, असे मला वाटते.

वॉट्सची खरी खूण ऐकायची असेल तर एक, दोन, तीन, चार मोजत केवळ हायहॅटकडे, म्हणजे पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीकडे, लक्ष द्यावे. दोन आणि चारवर, स्नेअरचा ठोका पडतो तेव्हा, तो उजवा हात उचलून घेतो आणि हायहॅट क्षणभर गप्प होते. बहुतेक ड्रमर तिथे दोन्ही एकदम वाजवतात. वॉट्सचा स्नेअर मोकळ्या जागेत पडतो, म्हणून तो जोरात न मारताही ठसतो. ही खोड कोणत्याही खोलीत, कोणत्याही माइकसमोर तशीच राहते.

वाद्यवृंदापासून ड्रमर वेगळा काढण्याची चूकही याच जातीची. द हूमध्ये कीथ मून हायहॅट क्वचितच वापरत असे. लय पकडून ठेवण्याचे बरेच काम पीट टाउनशेंडची गिटार करत होती, म्हणून मूनला उधळता आले. तोच मून स्टोन्समध्ये बसवून पाहण्याचा खेळ रंजक आहे, पण निरर्थक आहे. स्टुअर्ट कोपलंडचे बारीक, टोकदार हायहॅट आणि ताशासारखा चढवलेला स्नेअर यांना वाव मिळाला, कारण द पोलिस हे तिघांचेच पथक होते आणि रेगे या जमैकन संगीताच्या वळणाने मधल्या जागा रिकाम्या ठेवत होते. (हे पथक १९८० मध्ये मुंबईच्या रंगभवनात वाजवून गेले होते, त्या रात्री तिथे हजर असलेल्यांचा मला आजही हेवा वाटतो.)

ऐकण्याच्याच अडचणी

एखाद्याचा बेस ड्रम ‘कमजोर’ वाटत असेल तर आधी फोन बाजूला ठेवावा. फोनच्या इवल्या स्पीकरला खालचे सूर पेलतच नाहीत. त्यावर ऐकून पायाच्या कामाबद्दल मत देणे हा अन्याय आहे. बरे हेडफोन लावल्यावरही फरक राहिला तर आवाजाची पातळी तपासावी. दोन तुकड्यांपैकी जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला अधिक दमदार वाटतो, म्हणून दोन्ही कानाच्या अंदाजाने समान करून घ्यावेत. रिमास्टर केलेल्या आवृत्त्यांत अनेकदा ठोक्याचे टोक छाटून सरासरी आवाज वाढवलेला असतो, तेव्हा एकाची जुनी प्रत आणि दुसऱ्याची नवी असे करू नये. मी स्वतः कित्येक वर्षे एका ड्रमरला घाईचा समजत होतो. पुढे कळले की माझा कॅसेट प्लेअरच वेगाने फिरत होता.

मेटॅलिकाचा २००३ चा ‘सेंट अँगर’ ऐकून लार्स उलरिकला स्नेअर जुळवता येत नाही असा निकाल देणारे पुष्कळ आहेत. तो पत्र्याच्या डब्यासारखा टणत्कार येतो तो स्नेअरखालच्या तारा सैल सोडल्यामुळे. त्या तारा पानाला टेकल्या नाहीत की स्नेअर हा स्नेअर राहत नाही, साधा टॉम होतो. हा निर्णय जाणूनबुजून घेतलेला होता. तो आवडू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. मलाही तो तिसऱ्या गाण्यापुढे सोसत नाही. परंतु तो मुद्दा तारांचा झाला. उलरिकच्या हाताबद्दल बोलायचे असेल तर १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ काढून पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागेल.