पिकअपचे मागचे ब्रेक धरून राहत असतील तर दोष कसा शोधावा

इंदूरच्या चोइथराम मंडीत माल उतरवून गाडी रिकामी झाल्यावरही ती जड चालत असेल, सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडताच कोणी मागून ओढल्यासारखी मंदावत असेल आणि थांबल्यावर मागच्या चाकाजवळ जळका वास येत असेल, तर मागचे ब्रेक पूर्ण सुटत नाहीत असे समजावे. अशा वेळी मिस्त्री प्रथम लायनर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे ब्रेकचे पट्टे, बदलायला सांगतो. माझ्या गाडीचे लायनर असेच दोनदा बदलले गेले आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात चाके पुन्हा तापू लागली, कारण दोष ड्रममध्ये नव्हताच. म्हणून ड्रम उघडण्यापूर्वी ब्रेकला नेमके कोण धरून ठेवते आहे, हँडब्रेकची केबल, ब्रेक ऑइलचा दाब की ड्रममधील यंत्रणा, हे ठरवावे.

शक्यतो ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर गाडी चालवून थांबावे आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहावे. ड्रमला हात लावू नये, भाजतो. एकच मागचे चाक तापले असेल तर दोष बहुधा त्याच ड्रममध्ये किंवा त्या बाजूच्या केबलमध्ये असतो. दोन्ही मागची चाके सारखीच तापली असतील तर दोन्हींना सामाईक असलेल्या भागाकडे, म्हणजे केबलचा पुढचा भाग, ॲक्सलवर येणारा रबरी पाइप किंवा मास्टर सिलिंडर (पायडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) यांच्याकडे वळावे. पुढची चाकेही तापत असतील तर संशय थेट मास्टर सिलिंडरवर घ्यावा.

त्यानंतर गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर घेऊन पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत, मागचा ॲक्सल जॅकने उचलून घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि हँडब्रेक सोडावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. चाक हाताने फिरवून पाहिल्यास डिफरन्शिअलमुळे थोडा जडपणा जाणवतो आणि लायनरची हलकी घासही ऐकू येते, तेवढे चालते. दोन्ही हातांनी जोर लावूनही चाक जेमतेम सरकत असेल, तर आधी हँडब्रेक केबलचा नट सैल करावा. तेवढ्याने चाक सुटले तर केबल एक तर जास्त ताणलेली आहे किंवा आवरणात गंजून अडकते आहे. पावसाळ्यात चिखलातून फिरणाऱ्या गाड्यांत हे वारंवार दिसते. गंजलेली केबल तेल पाजून थोडे दिवस चालते, पण बदलणेच बरे.

केबल सैल करूनही चाक सुटले नाही, तर व्हील सिलिंडरचे (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या भागाचे) हवा काढायचे निप्पल पाव आटा उघडावे. संपूर्ण तपासणीत सर्वांत बोलकी खूण हीच आहे. माझ्या गाडीत पाना फिरवताच ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि क्षणापूर्वी हलत नसलेले चाक एका बोटाने फिरले. म्हणजे पायडल सोडल्यावरही दाब आत कोंडलेला होता. तो कुठे कोंडतो हे पाहण्यासाठी निप्पल बंद करून पायडल दाबून सोडावे आणि चाक पुन्हा जाम झाले की रबरी पाइपच्या चॅसीकडील टोकाचा नट सैल करावा. चाक तरीही जामच राहिले तर तो पाइप आतून फुगून ऑइलला परत येऊ देत नाही. बाहेरून तो अगदी धडधाकट दिसतो, त्यामुळेच फसगत होते. चाक सुटले तर दोष त्याच्या वर, म्हणजे वजनानुसार दाब बदलणाऱ्या वाल्वमध्ये किंवा मास्टर सिलिंडरमध्ये आहे. मास्टरला बूस्टरशी (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याशी) जोडणारे नट दोन-तीन मिलिमीटर ढिले करताच चाक मोकळे झाले, तर पुशरॉडला (मास्टरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्याला) पुरेशी सूट नाही किंवा पायडल पूर्ण मागे येत नाही.

ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले असेल तर सर्व रबर फुगतात. तेव्हा नुसते ऑइल बदलून भागत नाही. सर्व सील आणि रबरी पाइप बदलावे लागतात.

निप्पल उघडूनही चाक जाम राहिले तर मात्र ड्रम काढावा. तो निघत नसेल तर मागच्या पत्र्यातील छिद्रातून ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधले अंतर ठरवणारा) सैल करावा, हातोडा शेवटी. धूळ हवेने उडवू नये, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. आत व्हील सिलिंडरचा पिस्टन अडकलेला आहे का, स्प्रिंग ढिल्या किंवा तुटलेल्या आहेत का, आणि लायनर ज्या उंचवट्यांवर सरकतो तिथे खाचा पडल्या आहेत का, हे पाहावे. ही तिसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, पण खाचेत अडकलेला लायनर नव्या स्प्रिंगलाही दाद देत नाही. उंचवटे घासून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ब्रेक ग्रीसचा पातळ थर द्यावा. डाव्या-उजव्या ॲडजस्टरची अदलाबदल करू नये, कारण त्यांचे आटे बहुधा उलट दिशेचे असतात. ड्रमचा व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मापापलीकडे गेला असेल तर तो बदलावाच.

जोडणी करताना आधी लायनर ॲडजस्ट करावेत आणि मगच केबल ताणावी. उलट क्रम केला की ब्रेक पुन्हा धरतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेले डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइलच भरून हवा काढावी. जुन्या, ओलावा शोषलेल्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू 205 अंशांवरून 140 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतो, आणि महूपुढे मानपूरच्या घाटातून भरल्या गाडीने निमाडात उतरताना तापलेल्या ड्रमजवळ तेच ऑइल उकळून पायडल खाली जाते. हवा काढताना दाब बदलणाऱ्या वाल्वचा दांडा चाके जमिनीवर असताना जसा असतो तसा धरावा, नाहीतर मागे ऑइल नीट पोहोचत नाही.

शेवटी रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात ब्रेक तपासून पुन्हा आठ-दहा किलोमीटर फिरावे. दोन्ही ड्रम साधारण सारखेच कोमट लागले, तरच त्या दिवशी माल भरावा.