नेमकं हवं तेच रेकॉर्डिंग ऑनलाइन कसं शोधावं

गाण्याचं नाव टाका आणि पहिलं येईल ते लावा, हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता राग येतो. पहिलं येतं ते बहुतेकदा जास्त वाजलेलं असतं. तुमच्या मनातलं तेच असेल असं नाही.

नाव आठवत असेल तर सोबत गायकाचं नावही टाका, आणि गाण्याच्या मूळ लिपीतही एकदा शोधा. कुठे वाजत असेल तर शझाम हे गाणी ओळखणारं अ‍ॅप लावा. नुसती चाल आठवत असेल तर मात्र शझामकडे जाऊ नका. ते वाजणाऱ्या रेकॉर्डिंगचा ठसा आपल्याकडच्या साठ्याशी जुळवतं, चाल ओळखत नाही. गूगलच्या अ‍ॅपमध्ये २०२० पासून गुणगुणून शोधायची सोय आहे. १०-१५ सेकंद मुखडा गुणगुणा.

इथवर सोपं होतं. आता एकाच नावाची पंधरा गाणी समोर येतात आणि माणसं इथेच फसतात. मीही फसलो. एका आवडत्या गाण्याचं भलतंच रेकॉर्डिंग कित्येक महिने ऐकत होतो. गायक तोच, शब्द तेच, वर चित्रही जुनंच. पण दुसऱ्या अंतऱ्याआधी गायकाने घेतलेला श्वास, जो मला पाठ होता, तिथे नव्हताच. त्याच गायकाने ते पुढे पुन्हा गायलं होतं. मूळ रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे असले की गायक कधीकधी असं करतात.

म्हणून आधी कालावधी पाहा. आठ-दहा सेकंदांचा फरक दिसला की संशय घ्या. मग सुरुवातीचं संगीत आणि अंतऱ्यांमधला वाद्यांचा तुकडा कान देऊन ऐका. आवाजावर जाऊ नका, आवाज फसवतो. अल्बमसमोरच्या सालावर तर अजिबात विसंबू नका. ते अनेकदा संकलनाचं किंवा पुनर्प्रकाशनाचं असतं.

तरीही खात्री होत नसेल तर आयएसआरसी पाहा. हा १२ अक्षरा-अंकांचा कोड गाण्याला नसतो, त्या विशिष्ट रेकॉर्डिंगला असतो. म्युझिकब्रेन्झच्या साइटवर बऱ्याच रेकॉर्डिंगचे कोड मिळतात. कोड तोच असेल तर रेकॉर्डिंग तेच समजा. कोड वेगळा असला तरी रेकॉर्डिंग वेगळंच असेल असं नाही, कारण रिमास्टर करताना, म्हणजे जुन्या रेकॉर्डिंगचा आवाज सुधारताना, अनेकदा नवा कोड दिला जातो. त्यातल्या सहाव्या-सातव्या जागेवरचे अंक सालाचे असतात, पण ते कोड दिल्याचं साल. गाणं कधी गायलं गेलं ते त्यावरून ठरवू नका.

सापडलं की प्लेलिस्टमध्ये टाका. शिवाय अल्बमचं नाव, कालावधी आणि कोड कुठेतरी लिहून ठेवा. कंपनीशी असलेला करार संपला की गाणं ऐकायच्या अ‍ॅपवरून काढलं जातं, आणि तुम्ही डाऊनलोड केलेलं असलं तरी ते वाजत नाही.