हेड स्टड बसवताना या चुका टाळा

ट्रकच्या डिझेल इंजिनात हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, किती जोर येतो ते आधी आकड्यात पाहू. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) १३० मिमी आणि ज्वलनाच्या क्षणी दाब २०० बार धरला, तर एकाच सिलिंडरमधून हेडला वर ढकलणारं बल सुमारे २६५ किलोन्यूटन भरतं, म्हणजे जवळपास २७ टन. हे हेड जागेवर धरून ठेवतो तो स्टडमधला ताण. स्टड म्हणजे मूळ बोल्टच्या जागी येणारा, दोन्ही टोकांना आटे असलेला दांडा: खालचं टोक ब्लॉकमध्ये, वरच्या टोकावर नट. टॉर्क रेंच हा ताण मोजत नाही. नट फिरवायला किती जोर लागला एवढंच ती दाखवते. त्यामुळे रेंच अगदी बरोबर आकड्यावर 'टक' करते आणि तरीही स्टड पुरेसा ताणलेला नसतो. पुढच्या बहुतेक चुका याच फरकातून होतात.

भोकाची अर्धवट सफाई

जुने बोल्ट निघाले की भोकात ऑईल, कूलंट, गंज आणि गॅस्केटचे (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलचे) कण उतरतात. आटे साफ करायला कापणारा टॅप घालू नका. टॅप धातू खरवडून काढतो, आटे सैल होतात आणि कास्ट आयर्नच्या ब्लॉकमध्ये पुढे तेच उपटून येतात. इथे थ्रेड चेसर लागतो. तो आटे कापत नाही, फक्त त्यातली घाण बाहेर काढतो. चेसर फिरवल्यावर क्लीनर मारा आणि बारीक नळीची एअर गन थेट तळापर्यंत घालून फुंका. डोळ्यांवर चष्मा हवाच. तळाला द्रव राहिला तर काय होतं? तो दाबला जात नाही. स्टड खाली जाताना त्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही, आणि भोकाच्या तळाशी ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

ब्लॉकचा माथा साफ करताना ग्राइंडरवर अब्रेसिव्ह चकती लावणंही महागात पडतं. तिची बारीक पूड ऑईलमध्ये मिसळून बेअरिंग खाते, शिवाय पृष्ठभागावर खळगे पडतात. स्क्रॅपर आणि सॉल्व्हंट वापरा. मग स्ट्रेट एज आणि फीलर गेजने ब्लॉक आणि हेड दोन्ही सपाट आहेत का ते लांबीत, रुंदीत आणि तिरपे तपासा. वेट लायनरचं (ज्यात सिलिंडरची नळी सुटी असून बाहेरून थेट कूलंटमध्ये असते असं) इंजिन असेल तर प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती आला आहे ते चार ठिकाणी मोजा. शेजारच्या लायनरमध्ये मर्यादेपेक्षा जास्त फरक असेल, तर कितीही भारी स्टड घातले तरी गॅस्केट टिकणार नाही.

स्टड ब्लॉकमध्ये पान्याने आवळणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. स्टड ब्लॉकमध्ये हाताने जाईल तेवढाच घालायचा. वरच्या टोकाला ॲलन कीची खाच असते ती हलक्या हाताने टेकवण्यासाठी, जोर लावण्यासाठी नाही. दोन नट एकमेकांवर घट्ट करून स्टड पिळला, तर तो तळावर किंवा आटे संपतात तिथे पाचरीसारखा अडकतो. शेवटच्या आट्यांवर ताण एकवटतो, स्टड किंचित तिरपा बसतो आणि हेड उतरवताना भोकं जुळत नाहीत. हाताने स्टड जात नसेल तर तो बाहेर काढा आणि आटे पुन्हा साफ करा.

भोक वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या कूलंटच्या पोकळीत, उघडत असेल, तर ब्लॉककडच्या आट्यांना टेफ्लॉनयुक्त थ्रेड सीलंट लागतं. ते लावण्याआधी आट्यांवर तेलाचा अंशही नको. थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) वापरत असाल तर ते सुकण्याआधी सगळे नट शेवटच्या टॉर्कपर्यंत गेले पाहिजेत.

केबिनखाली जागा कमी असेल तर मागचे स्टड आधी बसवल्यावर हेड वरून उतरतच नाही. हे आधीच मोजून ठेवा. तिथले स्टड हेड ठेवल्यावर भोकातून घालायचे.

चुकीचं वंगण

नटावर लावलेल्या टॉर्कपैकी साधारण ९० टक्के घर्षणातच जातो: निम्मा नटाच्या बुडाखाली, उरलेला आट्यांमध्ये. स्टड ताणायला मिळतो जेमतेम १० टक्के. म्हणून घर्षण थोडं बदललं तरी ताण खूप बदलतो. स्टडसोबतच्या कागदावर टॉर्क मॉलिब्डेनमच्या ल्यूबसाठी दिलेला असेल आणि तुम्ही इंजिन ऑईल लावलं, तर ताण कमी पडेल. उलट ऑईलसाठी दिलेल्या आकड्यावर मॉली ल्यूब लावलं तर स्टड गरजेपेक्षा जास्त ताणला जाईल. दिलेलं ल्यूब वरच्या आट्यांना, नटाच्या बुडाला आणि वॉशरच्या नटाकडच्या बाजूला लावा. हेडकडची बाजू कोरडी ठेवा, म्हणजे वॉशर नटाबरोबर फिरत नाही. वॉशरच्या एका बाजूची आतली कड तिरपी घासलेली असेल तर ती बाजू वर, नटाकडे. साधे वॉशर चालत नाहीत; ते दबतात आणि ताण सुटतो.

टॉर्क देताना

कंपनीच्या मूळ बोल्टचा 'अमुक टॉर्क अधिक ९० अंश' हा हिशेब स्टडला लावू नका. तो ताणून बसणाऱ्या बोल्टसाठी असतो. स्टडच्या कागदावरचा आकडाच धरा आणि एककही पाहा: १२५ फूट-पाउंड म्हणजे सुमारे १७० न्यूटन-मीटर. गल्लत झाली तर पाव टॉर्क थेट कमी पडतो.

क्रम मधून बाहेरच्या दिशेला, निदान तीन टप्प्यांत. शेवटचा आकडा १६५ असेल तर ५५, ११०, १६५. शेवटचा टप्पा एका सलग ओढीत पूर्ण करा. मध्येच थांबलात तर थांबलेला नट हलवायलाच जास्त जोर लागतो आणि रेंच लवकर वाजते.

लक्षणांवरून चूक ओळखणं

नट फिरतोय पण टॉर्क वाढत नाही: लगेच थांबा. ब्लॉकचे आटे उपटताहेत किंवा स्टड कायमचा ताणला गेलाय. आटे गेले असतील तर भोकात स्टीलचा इन्सर्ट घालावा लागतो.

नट झटके देत, करकरत फिरतोय: आटे कोरडे आहेत. सोडा, पुसा, ल्यूब लावून पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरुवात करा.

नटाच्या बुडाशी कूलंट दिसतंय: त्या भोकाचं सीलंट राहिलंय.

थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच रेडिएटरचा होज दगडासारखा कडक होतो, टाकीत बुडबुडे येतात: ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. नुसते नट आणखी आवळून हे थांबत नाही. हेड उतरवा आणि लायनरची उंची पुन्हा मोजा.

कागदावर री-टॉर्क (नट पुन्हा टॉर्कवर आवळणं) सांगितला असेल तर इंजिन पूर्ण गार होऊ द्या. एका वेळी एकच नट, त्याच क्रमाने, पाव फेरा सोडून पुन्हा शेवटच्या टॉर्कवर. सगळे झाले की टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) नव्याने लावा.