सीलिअ‍ॅक आजारातील बद्धकोष्ठता आणि पोटाची अस्वस्थता : या चुका टाळा

सीलिअ‍ॅक म्हटले की जुलाब, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की पोट साफ न होणाऱ्या माणसाला हा आजार असू शकेल अशी शंका पुष्कळदा कोणालाच येत नाही. गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणे, हा तो आजार. प्रत्यक्षात काही रुग्णांना निदानापूर्वीपासूनच बद्धकोष्ठता असते, तर काहींना ती गहू सोडल्यानंतर, म्हणजे आता सगळे सुरळीत व्हायला हवे अशा वेळी, नव्याने जडते. या दोन्हींची कारणे वेगळी असतात आणि उपायही वेगळे असतात. म्हणून कोणतेही औषध किंवा चूर्ण हाती घेण्यापूर्वी त्रास नेमका केव्हा सुरू झाला हे आठवून पाहावे : निदानाच्या आधी, आहार बदलल्यावर, एखादी गोळी सुरू झाल्यावर, की सर्व ठीक चाललेले असताना अचानक? पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हा प्रश्न न विचारल्यामुळेच होतात.

तपासणीआधीच गहू बंद करणे

पोट सतत फुगते, शौचाला खडा होतो, म्हणून कोणाच्या तरी सांगण्यावरून गहू बंद करायचा आणि बरे वाटले की स्वतःच निदान करून मोकळे व्हायचे, ही सुरुवातीलाच होणारी चूक आहे. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी ग्लुटेनविरुद्धच्या प्रतिक्रियेत शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) मोजते, आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून घेतलेल्या तुकड्यात तेथील बारीक उंचवट्यांची झालेली झीज पाहिली जाते. ग्लुटेन बंद केल्यावर प्रतिपिंडे कमी होत जातात आणि आतडे भरून येऊ लागते, त्यामुळे आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते. मग खात्री करण्यासाठी पुन्हा काही आठवडे ग्लुटेन खाण्याची वेळ येते, आणि ते कोणालाच सुखाचे नसते. तपासणी पूर्ण होईपर्यंत नेहमीचा आहार चालू ठेवणे हाच कमी त्रासाचा मार्ग आहे.

प्रत्येक कळीचे खापर ग्लुटेनवर फोडणे

निदान झालेल्या माणसाच्या मनात एक धास्ती घर करून बसते. पोटात जरा गुडगुडले तरी काल काय खाल्ले याची उजळणी सुरू होते, आणि एकेक पदार्थ संशयावरून ताटातून हद्दपार होऊ लागतो. अनवधानाने ग्लुटेन पोटात जाणे हे नेहमी तपासावे असे कारण आहे यात शंका नाही. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे लागते, यावरून किती अल्प प्रमाणाची ही गोष्ट आहे ते कळते. गव्हाच्या पावाचे कण अडकलेला टोस्टर, गव्हाचा पास्ता निथळलेली चाळणी, मैद्याचे आवरण असलेले पदार्थ तळलेले तेल, आधी गहू दळलेली गिरणी, या ठिकाणी ते प्रमाण ओलांडले जाऊ शकते. वेष्टनावरील ‘गहूविरहित’ हा शब्दही पुरेसा नाही, कारण तशा पदार्थात जवाचे माल्ट किंवा राय असू शकते.

मात्र याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ग्लुटेन पोटात गेल्याची लक्षणे बहुधा काही तासांत दिसू लागतात आणि ती काही दिवसांत ओसरतात. महिनोन्महिने रोज थोडी थोडी राहणारी बद्धकोष्ठता एखाद्या चुकलेल्या घासाने होत नाही. एक तर ग्लुटेन कुठून तरी नियमितपणे पोटात जात आहे, किंवा कारणच निराळे आहे. उलटपक्षी, काही रुग्णांना ग्लुटेन खाऊनही काहीच जाणवत नाही, पण आतड्याची हानी मात्र होत राहते. त्यामुळे ‘मला काही झाले नाही, म्हणजे तो पदार्थ चालतो’ हा निष्कर्षही धोक्याचा आहे. पोटाची तक्रार हे ग्लुटेन मोजण्याचे साधन नव्हे, हे एकदा पक्के ठरवले की पुष्कळ गोंधळ कमी होतो.

एखाद्या दिवशी चुकून ग्लुटेन गेलेच, तर शरीर ‘शुद्ध’ करण्याच्या नावाखाली उपवास, जालीम रेचके किंवा महागडे काढे घेण्याची गरज नसते. पुरेसे पाणी, साधे अन्न आणि विश्रांती एवढेच करावे.

गहू गेला, पण चोथाही गेला

आहार बदलल्यानंतर सुरू होणाऱ्या बद्धकोष्ठतेचे सर्वांत सामान्य कारण हेच आहे, आणि तेच सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. गव्हाच्या जागी काय आले, हे कोणी नीट पाहत नाही. १०० ग्रॅम सालासकट दळलेल्या गव्हाच्या पिठात साधारण १० ते ११ ग्रॅम तंतुमय भाग, म्हणजेच चोथा, असतो. तेवढ्याच पांढऱ्या तांदळाच्या पिठात तो दोन-अडीच ग्रॅमच्या आसपास असतो, आणि मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च घेतला तर जेमतेम एक ग्रॅम. बाजारातील तयार ग्लुटेनमुक्त पाव आणि बिस्किटे बहुधा याच पांढऱ्या पिठांच्या आणि स्टार्चच्या मिश्रणातून बनतात, आणि चव व पोत राखण्यासाठी त्यांत साखर व स्निग्धांश वाढवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय भाग सुचवते. सकाळी ग्लुटेनमुक्त पाव, दुपारी पांढरा भात, संध्याकाळी तांदळाच्या पिठाची बिस्किटे आणि रात्री पुन्हा भात, असा दिवस मांडून बघितला तर धान्यातून पाच-सहा ग्रॅमही मिळत नाहीत. भाजी-फळांची भर नसेल तर उरलेले वीस ग्रॅम येणार कुठून? अशा माणसाचे आतडे बिघडलेले नसते. त्याला पुढे ढकलायला पुरेसे काही मिळतच नसते.

उपाय पीठ बदलण्यात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, कुट्टू, किनोआ ही धान्ये मुळातच ग्लुटेनरहित असून पांढऱ्या तांदळाच्या कितीतरी पुढे आहेत. फक्त ती गव्हाच्या संसर्गापासून मुक्त राहतील अशा रीतीने साठवलेली आणि दळलेली असावीत. डाळी आणि कडधान्ये यांचा वाटा तर सर्वांत मोठा आहे. सालासकट फळे, पालेभाज्या, दळलेले जवस, किवी आणि सुके आलुबुखार यांचाही बद्धकोष्ठतेत चांगला उपयोग होतो. जवस अख्खे गिळले तर बरेचसे जसेच्या तसे बाहेर पडते, म्हणून ते दळूनच घ्यावे. वेष्टनामागे दर १०० ग्रॅममागील तंतुमय भाग पुष्कळदा छापलेला असतो. ग्लुटेनमुक्ततेची खूण पाहून झाल्यावर दुसरी नजर त्या आकड्यावर टाकण्याची सवय लावावी. माझ्या मते निदानानंतरच्या पहिल्या वर्षात याहून उपयोगी सवय दुसरी नाही.

कोंडा, ओट्स आणि घाई

पोट साफ होत नाही असे म्हटले की ‘कोंडा खा’ हा सल्ला ठरलेला असतो. सर्वसामान्य माणसाला तो उपयोगी पडतो, पण सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो घातक आहे, कारण कोंडा म्हणजे बहुधा गव्हाचाच कोंडा, आणि तो ग्लुटेनपासून मुक्त नसतो. कोंड्याची न्याहारी, माल्ट घातलेली पेये, ‘बहुधान्य’ अशी जाहिरात केलेले पदार्थ यांची गणना याच वर्गात करावी. ओट्सचा प्रश्न थोडा वेगळा आहे : शुद्ध, गव्हाच्या संसर्गाविना पिकवलेले ओट्स बहुसंख्य रुग्णांना चालतात, पण थोड्या रुग्णांना तेही सोसत नाहीत. म्हणून आजार आटोक्यात आल्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि ग्लुटेनमुक्त अशी खूण असलेलेच ओट्स सुरू करावेत.

दुसरी चूक घाईची आहे. चोथा कमी पडतो हे कळल्यावर एका दिवसात ताट कडधान्यांनी आणि कच्च्या सॅलडने भरून टाकले, तर आधीच सुजलेले आतडे आणखी फुगते, वायू होतो, आणि ‘मला चोथाच सोसत नाही’ असा चुकीचा समज होऊन सगळा प्रयोग गुंडाळला जातो. दर आठवड्याला चार-पाच ग्रॅम इतकीच वाढ ठेवावी, सुरुवातीला भाज्या शिजवूनच खाव्यात आणि त्याबरोबर पाणी वाढवावे. इसबगोल ग्लुटेनरहित आहे, पण तो भरपूर पाणी पिऊनच घ्यावा. सुका किंवा अर्धवट भिजलेला इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. झोपण्याच्या अगदी आधी तो घेऊ नये आणि अन्य औषधांपासून त्याला दोन तास तरी दूर ठेवावे. चव घातलेल्या तयार पुड्यांवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

गोळ्यांकडे दुर्लक्ष

निदानाच्या वेळी अनेकांच्या हाती लोहाच्या गोळ्या पडतात, कारण लोह लहान आतड्याच्या ज्या भागात शोषले जाते तोच भाग या आजारात आधी बिघडतो. लोहाने शौच घट्ट व काळसर होते. जोडीला हाडांसाठी कॅल्शियम कार्बोनेट असेल तर घट्टपणात भरच पडते. एक साधी तारीखवार नोंद येथे फार उपयोगी पडते : सोमवारी गोळी सुरू झाली, गुरुवारपासून खडा होऊ लागला, इतके कागदावर दिसले की नवा पदार्थ सोडण्याऐवजी औषधाबद्दल डॉक्टरांशी बोलता येते. गोळी एकदिवसाआड घेणे, तिचा प्रकार बदलणे, कार्बोनेटऐवजी सायट्रेट घेणे, असे पर्याय त्यांच्याकडे असतात. मात्र स्वतःहून लोह बंद करू नये, कारण रक्तक्षय तसाच राहिला तर थकवा वाढतो आणि हालचाल कमी होऊन पोटाची गती आणखी मंदावते.

थायरॉईडकडेही पाहावे. सीलिअ‍ॅक हा स्वयंप्रतिकार आजार आहे, म्हणजे त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते, आणि अशा रुग्णांत थायरॉईडचा स्वयंप्रतिकार आजार अधिक प्रमाणात आढळतो. त्यात ग्रंथीचे काम मंदावले तर बद्धकोष्ठता, थंडी वाजणे, त्वचा कोरडी पडणे आणि वजन वाढणे असा संच दिसतो. आहार निर्दोष असूनही पोट साफ होत नसेल तर ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉईडची गोळी आधीपासून चालू असेल तर लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास दूर ठेवावेत, अन्यथा ती नीट शोषली जात नाही.

फुगलेल्या पोटाचे एकच कारण मानणे

बद्धकोष्ठता आणि फुगणे यांची जोडी असली तरी फुगण्याची स्वतंत्र कारणे असतात. दुधातील साखर पचवणारा विकर (एन्झाइम) आतड्यातील उंचवट्यांच्या टोकांवर असतो, आणि झीज तेथूनच सुरू होते. त्यामुळे निदानाच्या काळात दूध पचत नाही असे होऊ शकते. आतडे भरून येताना ही अडचण पुष्कळांच्या बाबतीत हळूहळू दूर होते. म्हणून दूध कायमचे सोडून देणे ही चूक ठरते, विशेषतः हाडे आधीच कमकुवत असताना. काही महिने दुग्धशर्करारहित दूध, दही किंवा मुरलेले चीज घेऊन नंतर पुन्हा थोडे दूध घेऊन पाहावे. कांदा, लसूण यांतील किण्वन होणाऱ्या शर्करा, साखरमुक्त गोळ्यांमधील सॉर्बिटॉल हा गोडवा, ग्लुटेनमुक्त पावातील इन्युलिन हा तंतू आणि डिंक यांनीही पोट फुगते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम दिसेपर्यंत दुसरी बदलू नये. आहारातून दहा पदार्थ एकाच आठवड्यात वगळले आणि बरे वाटले, तरी त्यांतील दोषी कोण होता हे कळत नाही.

रेचके आणि शौचालय

तंतू आणि पाणी वाढवूनही काम होत नसेल तर औषध घेण्यात कमीपणा मानू नये. पॉलिइथिलीन ग्लायकोलसारखी पाणी धरून ठेवणारी रेचके एक ते तीन दिवसांत काम करतात, तर सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांचा परिणाम साधारण ६ ते १२ तासांत होतो. आज घेतले, तासाभरात काही झाले नाही, म्हणून दुप्पट घेतले, आणि मग रात्रभर मुरडा सोसला, हा क्रम टाळता येण्यासारखा आहे. लॅक्टुलोजने वायू वाढतो, त्यामुळे ज्यांचे पोट आधीच फुगते त्यांनी ते विचारपूर्वक घ्यावे. चूर्णे, काढे आणि गोळ्या यांच्या घटकांत गव्हाचे स्टार्च आहे का, हे औषधविक्रेत्याकडून खात्री करून घ्यावे.

न्याहारीनंतरच्या अर्ध्या तासात मोठे आतडे आपोआप आकुंचन पावते. ती वेळ घाईत वाया घालवू नये. पायांखाली छोटा पाट घेऊन गुडघे कंबरेपेक्षा उंच ठेवले की कुंथण्याची गरज कमी होते. आलेली संवेदना दाबून ठेवणे ही मुलांमधील सर्वांत मोठी अडचण आहे : एकदा दुखले की मूल शौच टाळते, मग मल साचतो, आणि साचलेल्या मलाच्या कडेने पातळ द्रव गळू लागतो. पालकांना ते जुलाब वाटतात आणि जुलाब थांबवण्याचे औषध दिले जाते, तेव्हा मूळ अडचण दुप्पट होते. प्रौढांतही असे घडते, म्हणून बद्धकोष्ठतेनंतर अचानक आलेल्या पातळ शौचाकडे संशयाने पाहावे.

शौचात रक्त, डांबरासारखा चिकट काळा मल, न ठरवता घटणारे वजन, झोपेतून जागे करणारे दुखणे, ताप, सततच्या उलट्या, किंवा पोट ताठ फुगून वायूही न सुटणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून त्वरित डॉक्टरांकडे जावे. असा कोणताही धोक्याचा संकेत नसेल आणि तरीही आहार काटेकोर पाळूनही सहा महिन्यांत फरक पडला नसेल, तर आहारतज्ज्ञांसमोर आपला एका आठवड्याचा संपूर्ण आहार ठेवावा आणि प्रतिपिंडांची पातळी पुन्हा मोजावी. ती चढीच असेल तर ग्लुटेन कुठून तरी येत आहे का, हे आधी तपासावे. ती उतरली असेल तर संशयाचा रोख आतड्यातील जिवाणूंची अतिवाढ, चिडके आतडे (आयबीएस) किंवा ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचा विसंवाद यांकडे वळतो. हे स्नायू शौचाच्या वेळी सैल होण्याऐवजी आवळले जात असतील तर कोणताही चोथा उपयोगी पडत नाही, आणि तेथे प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकलेले व्यायाम औषधापेक्षा अधिक काम करतात.