अँटीव्हायरसमधून प्रोग्राम सोडताना: सपोर्टच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

आयटी सपोर्टच्या नोकरीत पहिल्या काही महिन्यांत मी एका कामात फार लवकर तरबेज झालो होतो, किंवा तसं मला वाटायचं. कुणाचा प्रोग्राम अँटीव्हायरसने अडवला की मी जायचो, सेटिंग उघडायचो, अख्खा फोल्डर 'एक्सक्लूजन्स'मध्ये, म्हणजे अँटीव्हायरसने तपासायच्या नाहीत अशा गोष्टींच्या यादीत, टाकायचो आणि दोन मिनिटांत परत यायचो. लोक खूश, मीही खूश.

एकदा एका सहकाऱ्याने पायथॉनमध्ये लिहिलेलं छोटं रिपोर्ट टूल असंच अडलं. टूल डाउनलोड्स फोल्डरमध्ये होतं, म्हणून मी सरळ डाउनलोड्सलाच सूट दिली. काही महिन्यांनी सीनियरने त्या मशीनची यादी पाहिली आणि ती ओळ काढून टाकली. काढल्या काढल्या अँटीव्हायरसने त्याच फोल्डरमधली एक झिप फाइल पकडली, मेलमधून उतरवलेली. नशिबाने कुणी उघडली नव्हती. सीनियर रागावले नाहीत. "ही सूट कुणी दिली आणि कशासाठी?" एवढंच विचारलं. मला कशासाठी ते आठवेना. त्या दिवसापासून मी हे काम सावकाश करतो.

आधी बघायचं ते हे, की अडवलंय नेमकं कुणी. विंडोजमध्ये राखणदार एक नाही, चार-पाच आहेत, आणि नवीन माणूस हमखास चुकीच्या दारावर टकटक करतो. फाइल उतरवली आणि डोळ्यांदेखत गायब झाली, तर ते अँटीव्हायरसचं काम. ती क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली बंद करून ठेवायच्या जागेत, गेलेली असते. विंडोज सिक्युरिटीतल्या 'प्रोटेक्शन हिस्टरी'त तिची नोंद सापडते. मोठी निळी खिडकी येऊन अनोळखी अ‍ॅप थांबवलं असं सांगत असेल, तर ती स्मार्टस्क्रीन. प्रोग्राम चालतो पण नेटवर्कशी बोलत नाही, तेव्हा नेटवर्कवरची ये-जा राखणाऱ्या फायरवॉलकडे बघा. आणि प्रोग्राम व्यवस्थित उघडतो, फक्त डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करताना अडतो, तर 'कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस' चालू आहे का ते पाहा. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरला अडवण्यासाठी २०१७ साली विंडोज १० मध्ये आलेली ही सोय आहे आणि तिची परवानगीची यादी वेगळी असते. क्वारंटाइनमध्ये पडलेल्या प्रोग्रामला फायरवॉलमध्ये परवानगी देत मी अर्धा दिवस घालवला आहे, म्हणून एवढं सविस्तर सांगतोय.

चांगला प्रोग्राम पकडला जाणं यात नवल काही नाही. अँटीव्हायरस फक्त ओळखीच्या व्हायरसशी फाइल ताडून बघत नाही, तिच्या वागण्या-दिसण्यावरूनही अंदाज बांधतो. पायइन्स्टॉलर या साधनाने एकाच ईएक्सईमध्ये (थेट चालणाऱ्या प्रोग्राम फाइलमध्ये) बांधलेलं पायथॉनचं टूल चालताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडतं; मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, लिहिणारेही तेच साधन वापरतात, मग संशय येणारच. मोठ्या कंपन्याही चुकतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीची स्वतःची एसव्हीसीहोस्ट ही फाइल व्हायरस ठरवली आणि जगभरातले संगणक पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत बसले.

पण 'चूक अँटीव्हायरसचीच असणार' हे गृहीत धरायचं नाही. फाइल मूळ निर्मात्याच्याच साइटवरून घेतली आहे ना, हे आधी. निर्मात्याने एसएचए-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला तिचा जणू अंगठ्याचा ठसा) दिला असेल तर पॉवरशेल या विंडोजच्या कमांड खिडकीतल्या गेट-फाइलहॅश कमांडने आपल्या फाइलचा हॅश काढून जुळवा. ६४ अक्षरं असतात. पहिली चार जुळली म्हणून सोडून देऊ नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' हा टॅब दिसला तर सही कुणाची आहे ते वाचा. सही असली म्हणजे सगळं आलबेल असंही नाही: २०१७ मध्ये सीक्लीनर या संगणक साफ करणाऱ्या प्रोग्रामची अधिकृत, सही केलेली ५.३३ आवृत्तीच मालवेअरसकट वाटली गेली होती. व्हायरसटोटल या वेबसाइटवर तीच फाइल वेगवेगळ्या अँटीव्हायरसची अनेक इंजिनं तपासतात. तिथे एक-दोन अनोळखी इंजिनांनी मोघम नाव दिलं असेल तर ते बहुधा खोटा इशारा. पण बऱ्याच नामांकित इंजिनांनी मालवेअरच्या एकाच कुळाचं नाव घेतलं, तर हात मागे घ्या. ऑफिसची फाइल मात्र तिथे चढवू नका, ती इतरांच्या हाती जाऊ शकते. नुसता हॅश शोधला तरी चालतं.

मग सूट, आणि तीही जितकी लहान देता येईल तितकी. विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसमध्ये, डिफेंडरमध्ये, फाइल, फोल्डर, फाइल टाइप आणि प्रोसेस असे चार पर्याय मिळतात. फाइल पुरत असेल तर फोल्डरकडे जायचंच नाही, कारण फोल्डरबरोबर त्यातले सगळे उपफोल्डरही सुटतात. टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) आणि डाउनलोड्स कधीच नाही. ईएक्सई हा फाइल टाइप सोडणं म्हणजे अँटीव्हायरस काढून टाकल्यातच जमा. प्रोसेसचा पर्याय फसवा आहे: त्या प्रोग्रामने उघडलेल्या फाइली तपासणीतून सुटतात, खुद्द प्रोग्राम सुटत नाही. शिवाय पूर्ण पाथ (फाइल कुठल्या फोल्डरात आहे तो पत्ता) न देता नुसतं नाव लिहिलं, तर त्याच नावाचा कुठलाही प्रोग्राम ती सवलत उपटतो.

मी आता दिलेल्या प्रत्येक सुटीची एका साध्या शीटमध्ये नोंद ठेवतो: तारीख, पाथ, हॅश, कारण आणि पुन्हा कधी बघायचं ते. सेटिंग अ‍ॅडमिनने बंद केलेलं दिसलं तर पळवाटा शोधत बसू नका. हीच माहिती भरून विनंती पाठवा, काम लवकर होतं.

त्या रिपोर्ट टूलचं पुढे काय झालं? आम्ही फाइल अँटीव्हायरस कंपनीकडे तपासायला पाठवली, पुढच्या अपडेटनंतर पकडणं थांबलं. सहकाऱ्याने नवी आवृत्ती बांधली, हॅश बदलला, पुन्हा पकडलं. शेवटी त्याने एकाच ईएक्सईचा हट्ट सोडून टूल फोल्डरच्या रूपात बांधलं आणि आम्ही ते प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवलं. तेव्हापासून तक्रार नाही, आणि माझ्या शीटमधली ती ओळही मी खोडली.