रीडेव्हलपमेंट असो की पार्किंगचे पेव्हर ब्लॉक: सोसायटीत निर्णय घेताना या चुका टाळा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या चोवीस फ्लॅटच्या इमारतीत रीडेव्हलपमेंटचा, म्हणजे जुनी इमारत पाडून नवी बांधण्याचा विषय पहिल्यांदा निघाला तो पार्किंगमध्ये, एका रविवारी सकाळी. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहाचा थर्मास आणि हातोहात फिरणारा एक कागद. कागदाचा वरचा भाग कोरा होता. खाली अनुक्रमांक, नाव, फ्लॅट नंबर, सही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पेन हातात धरूनच विचारलं, "वर काय लिहिणार आहात?" सेक्रेटरी म्हणाले, "काकू, नुसती हजेरी आहे हो." काकूंनी सही केली, मीही केली. दोन महिन्यांनी त्याच सह्या एका ठरावाला जोडलेल्या निघाल्या. आर्किटेक्टची नेमणूक म्हणे 'सर्वानुमते' झाली होती.

त्यावरून सुरू झालेला वाद मिटायला वर्ष गेलं. कुणी पैसे खाल्ले होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कमिटीला घाई होती, एवढंच. पण एकदा सहीवरचा विश्वास उडाला की पुढचा प्रत्येक कागद संशयाने वाचला जातो, मग तो कितीही चांगला असो.

हे आज लिहिण्याचं कारण आहे. कॉलेज रोड, महात्मानगर, इंदिरानगर, नाशिकरोड या भागांतल्या तीस-पस्तीस वर्षांच्या इमारतींना आता बिल्डर विचारू लागले आहेत. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या निमित्ताने 'आत्ता नाही केलं तर राहून जाईल' हे वाक्यही सगळीकडे ऐकू येतं. घाईत होणाऱ्या चुका बहुतेक ठिकाणी सारख्याच असतात.

आपण सोसायटी आहोत की अपार्टमेंट, हेच न पाहणं

नाशिकमध्ये ही चूक फार होते. बोलताना आपण सगळेच 'आमची सोसायटी' म्हणतो, पण इथल्या कितीतरी इमारती सहकारी संस्था म्हणून नोंदलेल्याच नाहीत. त्या १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येतात. सहकारी संस्थेत एका सभासदाला एक मत असतं. अपार्टमेंटमध्ये घोषणापत्रात, म्हणजे डीड ऑफ डिक्लेरेशनमध्ये, प्रत्येक फ्लॅटचा सामायिक जागेतल्या अविभक्त हिश्शाचा जो टक्का लिहिलेला असतो, त्यानुसार मताचं वजन ठरतं. म्हणजे तळमजल्यावरच्या मोठ्या दुकानाचं मत वन बीएचकेपेक्षा जड भरू शकतं. हे माहीत नसताना हात वर करून मोजलेलं बहुमत पुढे टिकत नाही. म्हणून पहिल्या सभेआधीच नोंदणी प्रमाणपत्र किंवा डीड ऑफ डिक्लेरेशन काढून सगळ्यांना दाखवा.

त्याच फाईलमध्ये जमिनीचे कागदही बघा. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचं नाव असेल, तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन आपल्या नावावर होणं, बहुधा झालेलंच नाही. अशा वेळी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करता येतो. जमीन नावावर नसताना बिल्डरशी बोलणी सुरू केली तर आपली बाजू पहिल्या दिवसापासून पडती राहते. इमारत गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या काठाला असेल तर पूररेषेचा नकाशाही त्याच वेळी मागवा. नकाशावरच्या निळ्या पूररेषेच्या आत काय बांधता येईल हे कळल्याशिवाय जादा क्षेत्रफळाच्या गप्पांना अर्थ नाही.

मत आधी, कागद नंतर

माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. सभेची नोटीस येते, विषय एका ओळीत असतो: 'पुनर्विकासाबाबत विचारविनिमय करणे.' सभेत पडद्यावर रंगीत इमारत दिसते, कुणीतरी आकडे वाचून दाखवतं आणि लगेच हात वर करायला सांगितलं जातं. ज्या आजोबांनी आयुष्यभराची पुंजी त्या घरात घातली, त्यांना तो कागद घरी नेऊन मुलाशी बोलायलाही वेळ मिळत नाही.

सहकारी संस्थांसाठी राज्य शासनाने सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खाली ४ जुलै २०१९ रोजी दिलेल्या सूचना नेमक्या यासाठीच आहेत. पुनर्विकासाच्या विशेष सभेला एकूण सभासदांपैकी दोन तृतीयांश हजर हवेत. एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती हवी, फक्त हजर असलेल्यांपैकी नव्हे. सभेचं व्हिडिओ चित्रीकरण व्हायला हवं आणि विकासक निवडण्याच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी उपस्थित हवा. आमच्या चोवीस जणांच्या इमारतीत याचा हिशेब असा: सभेला सोळा जण आणि संमती तेरा जणांची. सोळांपैकी नऊ हात वर आले म्हणून पेढे वाटले तर ते चुकलं.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा अंगठा हा ठराव नव्हे. सूचना पोहोचवायला ग्रुप उत्तम आहे, पण नोटीस लेखी द्या आणि तिची पोच घ्या.

'तीस टक्के जास्त', पण कशावर?

आमच्याकडे आलेल्या दोन प्रस्तावांमध्ये मोठ्या अक्षरांत एकच आकडा होता, तीस टक्के. काकूंच्या फ्लॅटचं कार्पेट क्षेत्र, म्हणजे दाराच्या आतली वापरायची जागा, ६०० चौरस फूट. त्यावर खरोखर तीस टक्के धरले तर ७८० चौरस फूट कार्पेट मिळायला हवं. पण एका प्रस्तावात बारीक अक्षरांत 'सेलेबल' लिहिलं होतं. सेलेबलमध्ये जिना, लॉबी, भिंती सगळं धरतात. ७८० सेलेबल म्हणजे दाराच्या आत आजच्याइतकीच जागा निघू शकते, कधी त्याहून कमीही.

म्हणून तुलनेचा तक्ता करताना प्रत्येक प्रस्ताव रेरात, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या नियमन कायद्यात, वापरतात त्या कार्पेट क्षेत्रात मांडायला लावा. त्याच तक्त्यात दरमहा भाडं, ते दरवर्षी किती वाढणार, कॉर्पस (बिल्डर देतो तो एकरकमी निधी), पार्किंग, मुदत आणि उशीर झाला तर दंड किती, हेही घ्या. बिल्डरने द्यायच्या, प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटीचा रकाना बऱ्याच तक्त्यांतून गळतो. काम अर्धवट थांबलं तर आपल्या हातात तेवढंच उरतं, म्हणून तो रकाना सगळ्यात वर ठेवा.

आर्किटेक्ट किंवा प्रकल्प सल्लागार निवडताना कमिटीतल्या कुणाचं नातं, भागीदारी किंवा व्यवहार असेल तर त्याने ते सभेत आपणहून सांगावं, इतिवृत्तात लिहून घ्यावं आणि त्या विषयावर मत देऊ नये. सांगितलं तर कुणी बोट ठेवत नाही. नंतर बाहेरून कळलं तर माणूस प्रामाणिक असूनही बदनाम होतो. असं एका शेजाऱ्याचं झालेलं मी पाहिलं आहे, आणि ते बघवलं नाही.

छोटी कामंही याच नियमात

पेव्हर ब्लॉक, टाकीचं वॉटरप्रूफिंग, सोलर. सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, २५ पर्यंत सभासद असलेल्या संस्थेची कमिटी सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय दुरुस्तीवर २५ हजारांपर्यंत खर्च करू शकते. २६ ते ५० सभासदांना ही मर्यादा ५० हजार आहे, त्यापुढे एक लाख. मर्यादेत बसवण्यासाठी एकाच कामाची तीन बिलं करू नका. जिथे पेव्हर ब्लॉकची कोटेशनं नोटीस बोर्डावर लागतात, तिथे रीडेव्हलपमेंटच्या वेळी कमिटीला अर्धं काम सोपं जातं.

चूक आधीच झाली असेल तर

इतिवृत्तात चुकीचं लिहिलं असेल तर तोंडी भांडू नका. 'अमुक तारखेच्या सभेत माझी संमती नव्हती' असं दोन ओळींचं पत्र द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. इतिवृत्त आणि हिशेबाच्या प्रती शुल्क भरून मागा, तो सभासदाचा हक्क आहे. विषय पुन्हा सभेपुढे आणायचा असेल तर एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की कमिटीला महिनाभरात विशेष सभा बोलवावी लागते. चोवीसांत पाच सह्या पुरतात. तरीही दाद मिळाली नाही तर उपनिबंधक आणि त्यापुढे सहकार न्यायालय आहे. मात्र पाच सह्या गोळा करताना कमिटीच्या घरीही जाऊन या. आमच्याकडे खरा तोडगा तिथेच निघाला. सेक्रेटरींनी जुना ठराव रद्द करून विषय पुन्हा घ्यायचं स्वतःच सुचवलं.

ती दुसरी सभाही पार्किंगमध्येच झाली. या वेळी तुलनेचा तक्ता पंधरा दिवस आधी घरोघरी पोहोचला होता, आणि हजेरीच्या कागदावर वर ठळक छापलं होतं: 'ही केवळ उपस्थिती आहे, संमती नाही.' काकूंनी चष्मा लावून ती ओळ वाचली, सही केली आणि पर्समधून घडी घातलेला तक्ता काढला. त्यावर त्यांनी पेन्सिलीने अकरा प्रश्न लिहून आणले होते. पहिला होता, "नव्या घरात ओटा पूर्वेला येणार का?" सेक्रेटरींनी तो वहीत लिहून घेतला.