पत्रिकेतून नाव गळलं, मग मोदक आले नाहीत: मंडळातल्या वादात या चुका टाळा

इंदूरमधल्या आमच्या लहानशा मराठी मंडळाचा मी अकरा वर्षं सचिव आहे. साठेक घरं, दहा दिवसांचा गणपती, एक दिवाळी पहाट आणि जमलंच तर एक नाटक, एवढाच आमचा पसारा. पैशांवरून वाद या काळात एकदाच झाला, तोही साडेचारशे रुपयांचा. बाकी सगळे मानापानाचे. त्यातले निम्मे मी मिटवले आणि निम्मे माझ्यामुळेच चिघळले. खाली लिहिलंय ते जास्त करून या दुसऱ्या निम्म्यातून आलेलं आहे.

व्यक्तीचं दुखणं ग्रुपवर मिटवणं

एका वर्षी गणपतीच्या पत्रिकेचं प्रूफ मोबाइलवर आलं तेव्हा मी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस खात उभा होतो. एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात फोन. वरवर पाहिलं, 'ठीक आहे' लिहिलं. सकाळी तीनशे पत्रिका छापून आल्या आणि 'विशेष सहकार्य'च्या यादीत मोदकवाल्या काकूंचं नाव नव्हतं. या काकू नऊ वर्षं पहिल्या दिवशीच्या नैवेद्याला १५१ उकडीचे मोदक करून आणतात. पिठी घरची, सारण घरचं, मदतीला फक्त सून.

मी लगेच मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'पत्रिकेत एक नाव अनवधानाने राहिले आहे. कृपया कोणीही गैरसमज करून घेऊ नये.' काकूंचा अंगठा आला. मला वाटलं, मिटलं.

चतुर्थीला अकरा वाजले तरी मोदक नाहीत. काकूंचा फोन बंद. शेवटी धावत जाऊन पेढे आणले आणि नैवेद्य दाखवला.

आज तो निरोप वाचला की माझं मलाच हसू येतं. ज्यांची माफी मागायची त्यांचं नावच त्यात नाही, म्हणजे दुसऱ्यांदा गाळलं. 'राहिले आहे' असं लिहिलं, जणू ते आपोआप राहिलं. तपासलं मी, सोडलं मी. 'गैरसमज करून घेऊ नये' म्हणजे चूक आमची आणि समजूतदारपणाची जबाबदारी त्यांची. आणि काकूंना हे कळलं ते सगळ्या मंडळासोबत, आधी नाही.

लेखी निरोपात सूर पोचत नाही, ही काही फक्त आमच्या पिढीची तक्रार नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ई-मेलवर हे तपासून पाहिलं. लिहिणाऱ्यांना खात्री होती की आपण उपरोधानं बोलतोय की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला सहज कळेल. वाचणाऱ्यांचे अंदाज मात्र छापा-काटा करण्यापेक्षा फारसे बरे निघाले नाहीत. तेच वाक्य आवाजात ऐकलं की बरंच नीट कळत होतं. म्हणून आता माझा नियम साधा आहे: माहिती ग्रुपवर, माफी उंबऱ्यावर.

दुसऱ्या दिवशी मी काकूंकडे गेलो. अर्धा तास सुनेची नोकरी, नर्मदेच्या पाण्याची वेळ, गुडघे असं सगळं झालं. मी दोनदा पत्रिकेचा विषय काढायला गेलो आणि दोन्ही वेळा त्यांनी चहा पुढे केला. मग त्या म्हणाल्या, "नावाचं काही नाही हो. माझं मोदकपात्र गेल्या वर्षी मंडपातून गेलं ते गेलंच. कुणी एका शब्दानं विचारलं का?"

मोदकपात्र! आम्ही पत्रिका घेऊन बसलो होतो आणि दुखत होतं भलतंच. ते मंडळाच्या पेटीत दिव्यांच्या माळांखाली सापडलं. घासून, पुसून मी स्वतः नेऊन दिलं. उरलेल्या सव्वाशे पत्रिकांवर त्यांचं नाव पेनानं लिहिलं, तेही मीच. अक्षर वाईट आहे, पण चाललं.

वाद नुकत्याच घडलेल्या गोष्टीच्या मानानं फारच मोठा वाटला, तर आधीचं काहीतरी शिल्लक आहे असं धरून चाला. 'आणखी काही राहिलंय का?' एवढं विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं अवघड आहे, सचिवाला तर फारच.

लवकर मतदान घेणं

आरती सातला की साडेआठला, यावर आम्ही हात वर करून मतदान घेतलं. निकाल सातच्या बाजूनं, १४ विरुद्ध ९. बैठक वेळेत संपली, पोहे-जलेबी झाली. पुढचे तीन दिवस त्या नऊ जणांपैकी एकही फिरकला नाही, आणि ढोल, स्पीकर, मांडव सगळं त्यांच्याच अंगावर होतं.

मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीनं १९२० च्या दशकात एक साधं उदाहरण दिलं होतं. ग्रंथालयाच्या छोट्या खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती, फॉलेटना बंद. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. समोरच्याला हवा हवी होती, आणि फॉलेटना उत्तरेचा वारा थेट अंगावर नको होता. अमुकच खिडकी उघडी असावी असा हट्ट कुणाचाच नव्हता. ही तडजोड नव्हे. तडजोडीत खिडकी अर्धी उघडते आणि दोघंही कुरकुरतात.

आम्ही उशिरा का होईना, 'किती वाजता?' सोडून 'का?' विचारलं. ज्येष्ठांना सातच हवे होते कारण परतताना गल्लीत अंधार असतो आणि रस्ता खोदलेला. पोरांना साडेआठ हवे होते कारण ऑफिसातून निघून ट्रॅफिकमधून पोचायलाच आठ वाजतात. मग आरती सव्वाआठला ठरली आणि दोन पोरं स्कूटरवरून ज्येष्ठांना घरी सोडू लागली. सगळ्यांचं भागलं असं नाही. इन्सुलिन घेणारे एक काका साडेसातला जेवतात. ते फक्त रविवारी येतात, कारण त्या दिवशी आरती लवकर असते. त्यावर आम्हाला अजून तोड सापडलेली नाही.

भांडलेल्यांना एकत्र जेवू घालणं

ही खास इंदुरी चूक. कुणाचं कुणाशी बिनसलं की कुणीतरी म्हणतंच, "चला, दाल-बाफल्याचा बेत करू, मिटेल." तसा बेत आम्ही केला. नाटकवाले एका सतरंजीवर, भजनवाले दुसरीवर, आणि तूप वाढणारा मध्ये एकटा.

१९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचं शिबिर घेतलं, दोन गट केले आणि त्यांच्यात चुरस लावली. वैर वाढल्यावर त्यांना एकत्र सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. गाडं रुळावर आलं ते पाण्याचा पुरवठा अडल्यावर आणि जेवण आणणारा ट्रक 'बंद' पडल्यावर. तो ट्रक दोन्ही गटांनी मिळून दोरानं ओढला, आणि दोर तोच होता जो आधी रस्सीखेचीत वापरला होता. (मुलांना भडकवण्यात संशोधकांचाच हात होता, अशी टीका पुढे झाली. आमच्याकडे त्यासाठी संशोधक लागत नाहीत.)

तेव्हा जेवण ठेवा, पण आधी एकट्या गटाला न झेपणारं काम द्या. आमच्याकडे ते पावसानं केलं: विसर्जनाच्या आदल्या रात्री मांडवाची ताडपत्री फाटली आणि भजनवाल्यांचा काथ्या नाटकवाल्यांच्या शिडीशिवाय वर पोचेना.

निरोप्या होणं

"त्यांना सांगा, मला हे चालणार नाही." असं कुणी म्हटलं की सांगू नका. "तुम्ही बोला, मी शेजारी बसतो" म्हणा. मी चार वर्षं निरोप नेले. शेवटी दोन्हीकडचे माझ्यावर नाराज आणि एकमेकांशी गोड.

शांततेला समेट समजणं

ब्रूस टकमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये गटांच्या वाटचालीचे टप्पे मांडले, त्यात दुसरा टप्पाच खटक्यांचा आहे. नवी कार्यकारिणी पहिल्या दोन महिन्यांत भांडत असेल तर घाबरू नका. बोलणारा माणूस बोलायचा थांबला, तर मात्र बघा. पूर्वी कुणी ग्रुप सोडला की सगळ्यांना दिसायचं. २०२२ पासून त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, म्हणजे विचारपूस करायची ती ॲडमिननंच.

आणखी एक खूण आमच्या गावची. इथला मराठी माणूस खरा रागावला की हिंदीत जातो. "अहो काका" चं "देखिए साहब" झालं की मी बैठक तहकूब करतो, चहा मागवतो आणि उरलेलं बोलणं दोघांशी वेगवेगळं करतो.

सगळ्यालाच 'सांभाळून घ्या' म्हणणं

हिशेबात रक्कम जुळत नसेल, कुणी धमकावलं असेल, बाईमाणसाशी कुणी वावगं वागलं असेल, तर ते रुसवे-फुगवे नव्हेत. तिथे समजूत घालायला जाऊ नका. हिशेब सर्वसाधारण सभेत कागदावर मांडा. बाकीच्या बाबतीत तक्रार करणाऱ्याच्या सोबत उभे राहा, गरज पडली तर ठाण्यापर्यंत.

पत्रिकेचं प्रूफ आता मोदकवाल्या काकू तपासतात, चष्मा लावून, घरी बसून. यंदा त्यांनी तीन चुका काढल्या. माझ्या आडनावातली वेलांटी मात्र चुकीचीच छापून आली. मुद्दाम की नजरचुकीनं, मी विचारलेलं नाही.